काळ्या डागांचा नकाशा काढणारा माणूस : एडवर्ड बर्नार्ड

अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचे शहर आहे. १८६६ साली तिथे कॉलऱ्याची साथ आली. यादवी युद्ध नुकतेच संपले होते, शहराची दैना झालेली होती आणि पिण्याचे पाणी कसे असेल याची कल्पनाच केलेली बरी. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवून बारा वर्षे झाली होती. पण ते फार थोड्यांना पटले होते. रॉबर्ट कॉख कलकत्त्याला येऊन त्या जंतूचा छडा लावणार होते तो आणखी अठरा वर्षांनी. मीठ-साखर-पाण्याच्या साध्या उपायाला तर शंभरेक वर्षे अवकाश होता. अशा साथीत सापडलेले आठ वर्षांचे, अर्धपोटी राहणारे मूल वाचणे हा केवळ नशिबाचा भाग. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड हा मुलगा वाचला.

त्याचा जन्म १६ डिसेंबर १८५७ चा. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. आई एलिझाबेथ मेणाची फुले करून विकायची आणि एडवर्ड व त्याचा थोरला भाऊ चार्ल्स यांना वाढवायची. शाळा झाली ती जेमतेम दोन महिने. बाकी लिहिणे-वाचणे आईनेच शिकवले. नवव्या वर्षाच्या आतच तो कामाला लागला.

काम मिळाले व्हॅन स्टॅव्होरेन नावाच्या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. लहान फोटोवरून मोठा फोटो करायचा तर सूर्यप्रकाश वापरावा लागे. त्यासाठी या स्टुडिओच्या गच्चीवर एक अवाढव्य यंत्र होते. त्याला 'ज्युपिटर' म्हणत. सूर्य आकाशात सरकतो, त्यामुळे यंत्राचे तोंडही चाके फिरवून त्याच्याबरोबर सरकवत ठेवावे लागे, तासन् तास, भर उन्हात. आधीची पोरे या कामावर डुलक्या काढत. एडवर्ड डुलकी काढत नसे. एवढ्या एका गुणावर त्याची नोकरी टिकली आणि तो तिथे जवळजवळ सतरा वर्षे राहिला. या उभे राहण्यातून त्याला एक गोष्ट दिसली. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य दर वेळी नेमका मध्यावर नसतो. वर्षाच्या काही काळात तो पुढे असतो, काही काळात मागे. ज्योतिर्विदांना हे ठाऊकच होते, पण या मुलाला ते कोणी सांगितले नव्हते.

दुर्बीण आली तीही अशीच. स्टुडिओतल्या एका सहकाऱ्याला रस्त्यात एक भिंग सापडले, ते नळकांड्यात बसवून त्याने या मुलाला दिले. पुढे कोणीतरी दोन डॉलर उसने नेले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले; ते खगोलशास्त्रावरचे निघाले. त्यातील नकाशे पाहून एडवर्डला पहिल्यांदा ताऱ्यांची नावे कळली, एरवी तो वर्षानुवर्षे ते तारे नुसते ओळखीने ओळखत होता. १८७६-७७ च्या सुमारास त्याने पाच इंची दुर्बीण विकत घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगाराचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा. घरात आजारी आई असताना एवढा खर्च करणाऱ्या तरुणाला आपल्याकडेही चार लोकांनी वेड्यात काढले असते.

१८७७ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांचे मोठे अधिवेशन नॅशव्हिललाच भरले. सायमन न्यूकम हे त्या काळचे दिग्गज गणिती-ज्योतिर्विद अध्यक्ष होते. एकोणीस वर्षांचा बर्नार्ड धीर करून त्यांना भेटला. न्यूकम यांनी त्याला गणित येते का ते विचारले, आणि येत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवून आधी गणित शिकायला सांगितले. सल्ला योग्य होता, पण दिला गेला तो कोरडेपणाने. बर्नार्ड बाहेर येऊन रडला. नंतर मात्र त्याने पदरचे पैसे मोडून गणिताची शिकवणी लावली.

यानंतरचा प्रसंग डॉक्टरांना विशेष गमतीचा वाटेल. रॉचेस्टर शहरात वॉर्नर नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. आधी तिजोऱ्या विकायचा. नंतर मूत्रपिंड आणि यकृत बरे करण्याचे बाटलीबंद औषध विकू लागला आणि गब्बर झाला. बाटलीवर तिजोरीचेच चित्र असे. औषधाने किती मूत्रपिंडे सुधारली याचा काही पुरावा नव्हता. अशी औषधे तेव्हाही खपत आणि आजही खपतात. या वॉर्नरने जाहिरातीपोटी म्हणा किंवा हौसेपोटी म्हणा, अमेरिकेतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला दोनशे डॉलरचे बक्षीस लावले. बर्नार्डचे लग्न १८८१ च्या जानेवारीत ऱ्होडा कॅलव्हर्ट हिच्याशी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला नवा धूमकेतू सापडला. दोनशे डॉलर आले, घर बांधायला काढले, कर्ज झाले, हप्ता थकायची वेळ आली की आणखी एक धूमकेतू सापडायचा. लोक त्या घराला धूमकेतूचे घर म्हणू लागले. निरुपयोगी औषधाच्या पैशातून एका शास्त्रज्ञाचा संसार उभा राहिला, हा त्या औषधाचा बहुधा एकमेव सिद्ध झालेला गुण.

आयुष्यभरात त्यांनी पंधरा-सोळा धूमकेतू शोधले. १८८३ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि वेधशाळा हाती सोपवली. दोन महिन्यांची शाळा शिकलेला पंचविशीचा माणूस पोरांच्या वर्गात बसून गणित, पदार्थविज्ञान, भाषा शिकू लागला. ऱ्होडा घर आणि आजारी सासू सांभाळत होती. १८८७ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत काम मिळेल या भरवशावर दोघे निघाले. वेधशाळा अजून पुरी व्हायची होती, पगार सुरू नव्हता, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत एका वकिलाच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला करून त्यांनी काही महिने ढकलले. १८८८ मध्ये ते एकदाचे डोंगरावर पोचले.

लिक वेधशाळेची ३६ इंची दुर्बीण तेव्हा जगातील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. तिच्यावर हक्क मात्र वरिष्ठांचा. संचालकांशी बर्नार्डचे जमले नाही. बरीच धुसफूस झाल्यावर १८९२ मध्ये त्यांना आठवड्यातून एक रात्र मिळू लागली, शुक्रवारची. ९ सप्टेंबर १८९२ च्या शुक्रवारी गुरूच्या लखलखाटाच्या अगदी कडेला त्यांना एक बारीक ठिपका दिसला. तो गुरूचा पाचवा चंद्र होता. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिल्यानंतर २८२ वर्षांत दुसरा कोणाला सापडला नव्हता. नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून पाहून सापडलेला सूर्यमालेतील तो शेवटचा चंद्र. त्यानंतरचे सगळे छायाचित्रांतून किंवा यानांतून सापडले.

त्यांच्या डोळ्यांची ख्याती मोठी होती. यात जादू नाही, शरीरशास्त्र आहे. आपल्या दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात आणि रंग पाहायला, दंडपेशी अंधारात. दंडपेशींमधले रंगद्रव्य उजेडात खर्ची पडते आणि अंधारात ते पुन्हा भरायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, म्हणून अंधूक वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला वळवली की दिसते. सराईत निरीक्षक हे शरीराने शिकलेले असतात. पण डोळ्याची एक मर्यादा सरावाने जात नाही. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. क्षणाच्या छोट्याशा भागात जेवढा आला तेवढाच मेंदूकडे जातो. छायाचित्राची काच मात्र तासन् तास प्रकाश गोळा करते. स्टुडिओत वाढलेल्या बर्नार्डना हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

लिकला त्यांना एक सहा इंची भिंग मिळाले. मुळात ते माणसांचे फोटो काढायचे जुने भिंग होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छायाचित्रकाराकडून घेतलेले. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो. या भिंगात विस्तीर्ण पट्टा येई. १८८९ पासून बर्नार्ड त्यातून आकाशगंगेचे फोटो काढू लागले. एकेका फोटोला कित्येक तास लागत. तेवढा वेळ जोडदुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा ठेवून, तो तारेच्या फुलीवरून हलू न देता, हाताने यंत्र सरकवत राहायचे. गच्चीवरच्या पोराचेच काम, फक्त सूर्याच्या जागी तारा.

फोटोंत जे उमटले ते आधी कोणी पाहिले नव्हते. आकाशगंगा म्हणजे दुधाचा पट्टा नव्हे. तिच्यात ताऱ्यांचे ढीगच्या ढीग होते आणि त्यांच्या मधोमध काळेभोर डाग, भेगा, नाले. हे डाग काय असावेत? शंभर वर्षांपूर्वी विल्यम हर्शेल यांना वृश्चिक राशीच्या परिसरात अशी रिकामी जागा दिसली होती आणि त्यांनी ते आकाशातले भोक समजले होते. म्हणजे तिथे तारेच नाहीत आणि आपण पलीकडच्या पोकळीत पाहतो आहोत. बर्नार्डनी सुरुवातीला हेच मानले. इंग्लंडमधील रॅन्यार्ड या अभ्यासकाला मात्र ते फोटो पाहून वाटले की तारे आहेत, पण पुढे काहीतरी आडवे आले आहे. बर्नार्ड ते मान्य करायला वीसहून अधिक वर्षे तयार नव्हते. हा त्यांचा हट्ट म्हणावा का? पुराव्याशिवाय निदान न करणाऱ्या वैद्याला जे म्हणाल ते यांना म्हणावे. मात्र काही वेळा पुरावा त्यांच्याच काचेवर होता आणि तो ते ओलांडून जात होते, हेही खरे.

लिकमध्ये असतानाची आणखी एक नोंद पुढे महत्त्वाची ठरली. वृषभ राशीत, रोहिणी ताऱ्यापासून फार दूर नाही अशा जागी एक बारीक तारा आहे, 'टी टॉरी'. त्याचे तेज काही ठरावीक चालीशिवाय कमीजास्त होते. १८५२ मध्ये जॉन हाइंड यांना त्याच्या शेजारी एक तेजोमेघ दिसला होता. दहा-पंधरा वर्षांत तो इतका मावळला की मोठमोठ्या दुर्बिणींतूनही दिसेना. तेजोमेघ नाहीसा होतो म्हणजे काय, हे कोडे होते. १८९० मध्ये बर्नहॅम आणि बर्नार्ड यांनी ३६ इंची दुर्बीण तिकडे वळवली. तारा स्वतःच एका छोट्या धूसर आवरणात गुरफटलेला दिसला आणि शेजारचा हरवलेला मेघही अगदी अंधूक सापडला. बर्नार्ड पाठपुरावा करत राहिले आणि १८९५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. तारा बदलतो, मेघ बदलतो, एवढे त्यांनी नीट नोंदवले. आपण बाल्यावस्थेतील ताऱ्याकडे पाहतो आहोत हे त्यांना कळणे शक्य नव्हते. तारे कशावर जळतात हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हते, मग त्यांचे वय कुठून कळणार?

१८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेत गेले. तिथली ४० इंची दुर्बीण १८९७ मध्ये सुरू झाली. मे महिन्यात एका पहाटे तिचा वरखाली होणारा प्रचंड फलाट कोसळला. त्याच्यावर उभे राहून बर्नार्ड काही तासांपूर्वीपर्यंत निरीक्षण करत होते. जिवावरचे दुसऱ्यांदा टळले.

यर्कीजचा हिवाळा भयंकर असतो. दुर्बिणीचा घुमट गरम करता येत नाही, कारण गरम हवेने प्रतिमा थरथरते. शून्याखाली वीस अंशांच्याही खाली पारा गेलेला असताना बर्नार्ड रात्र रात्र उभे असत. इतरांनी थंडीमुळे सोडलेल्या रात्रीही मागून घेत. झोप म्हणजे त्यांना वेळेची नासाडी वाटे. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांचा मधुमेहाशी संबंध आहे हे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. एका व्यक्तीच्या बाबतीत त्यावरून कारण ठरवता येत नाही, हे इथे लक्षात ठेवलेले बरे.

कॅथरिन ब्रूस या दानशूर बाईंच्या देणगीतून त्यांच्यासाठी दहा इंची खास भिंग तयार झाले. १९०५ मध्ये ते घेऊन बर्नार्ड कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर गेले, कारण भुजंगधारी आणि वृश्चिक यर्कीजवरून क्षितिजाला टेकलेले दिसतात. तिथल्या आठ-नऊ महिन्यांत त्यांनी सुमारे पाचशे काचा उतरवल्या. मग वृषभेचा परिसर. कृत्तिकांच्या पूर्वेला, रोहिणीच्या वरच्या अंगाला, सारथीकडे जाताना आकाशात लांबलचक काळ्या वाटा पसरल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. फोटोत मात्र बर्नार्डना त्या वाटांच्या काठाने मंद धूसरपणा दिसू लागला. रिकाम्या पोकळीला धूसर कड कशी असेल?

१९१३ च्या उन्हाळ्यात, चंद्र नसलेल्या एका निरभ्र रात्री, पांढऱ्या ढगांचे लहान पुंजके आकाशगंगेपुढून तरंगत गेले. दिवसा शुभ्र दिसणारे ते ढग ताऱ्यांच्या उजेडापुढे शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते आणि हुबेहूब त्यांच्या काचांवरच्या डागांसारखे होते. पंचावन्न वर्षांच्या या माणसाने आयुष्यात किती ढग पाहिले असतील. त्या रात्री मात्र त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर डोक्यावरून जाताना दिसले. १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यातले बरेचसे पुढे आलेले मेघ आहेत असे लिहिले. सगळेच मेघ आहेत असे तेव्हाही त्यांनी म्हटले नाही.

दरम्यान १९१६ मध्ये आणखी एक शोध लागला. १८९४ ची काच आणि नवी काच शेजारी ठेवल्यावर भुजंगधारीतला एक फिकट तारा जागचा बराच हललेला आढळला. तो वर्षाला १०.३ विकला सरकतो. सगळ्या ताऱ्यांत सर्वांत जास्त निजगती त्याची. तो 'बर्नार्डचा तारा' म्हणून प्रसिद्ध आहे, सुमारे सहा प्रकाशवर्षांवर. योगायोग असा की तो फार म्हातारा तारा आहे. पण ताऱ्याची चाल मोजून तो कुठला आहे हे ओळखायची जी रीत, तीच पुढे तरुण ताऱ्यांच्या कामी यायची होती.

१९१४ मध्ये त्यांना मधुमेह असल्याचे निघाले. त्या काळी मधुमेहाला औषध नव्हते. पथ्य होते, तेही कडक; काही डॉक्टर तर रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवत. लहान मुले त्या उपासानेही थोडाच काळ जास्त जगत. उतारवयात होणारा मधुमेह इतका झपाट्याने मारत नाही, म्हणून बर्नार्डना आणखी नऊ वर्षे मिळाली. डॉक्टरांनी वर्षभर मोठ्या दुर्बिणीपासून दूर राहायला सांगितले. त्यांना ही शिक्षाच वाटली. मग त्यांनी दिवसाचे काम हाती घेतले. आकाशगंगेच्या निवडक भागांचा छायाचित्रसंग्रह काढायचा होता. छापखान्याची कोणतीही पद्धत त्यांच्या पसंतीस उतरेना, तेव्हा त्यांनी प्रत्येक पान खऱ्या छायाचित्राचे करायचे ठरवले. सातशे प्रती, प्रत्येकीत एक्कावन्न छायाचित्रे. एकूण ३५,७०० प्रती त्यांनी स्वतः एकेक करून तपासल्या. मधुमेह जडलेल्या, साठीला आलेल्या माणसाचे हे काम आहे. नऊ वर्षांच्या पोराने डुलकी न काढता चाक फिरवले, त्याच जातीचे.

१९२१ च्या मे महिन्यात ऱ्होडा गेली. चाळीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. त्यानंतर बर्नार्ड खचले. संग्रहाचा मजकूर लिहायचा राहिला होता. प्रत्येक वाक्यावर अडणारा हा माणूस आता तो पुरा करील अशी चिन्हे नव्हती.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पहिले फारसे लागू पडले नाही; बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले दिले, तेव्हा मरायला टेकलेला मुलगा उठून बसला. पण अमेरिकेत औषधाच्या दुकानात इन्सुलिन मिळू लागायला १९२३ चा शेवट उजाडला. मधुमेहाने खालावत गेलेले बर्नार्ड ६ फेब्रुवारी १९२३ रोजी यर्कीजजवळच्या आपल्या घरी वारले. वय ६५. इन्सुलिन मिळाले असते तर ते किती जगले असते हा प्रश्न डॉक्टरांच्या मनात येतोच, पण त्याला उत्तर नाही. त्यांना नॅशव्हिलला नेऊन पुरले.

संग्रह पुरा केला तो वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि ऱ्होडाची भाची मेरी कॅलव्हर्ट यांनी. मेरी १९०५ पासून बर्नार्डची गणक म्हणून काम करत होती. १९२७ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला, काळ्या मेघांची यादी ३४९ वर गेली. ही मोजदाद आणि नकाशे मेरीच्या हातचे आहेत. तिचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही.

१९३० मध्ये रॉबर्ट ट्रंप्लर यांनी ताऱ्यांच्या गुच्छांची मोजमापे करून दाखवून दिले की ताऱ्यांमधल्या जागेत धूळ आहे आणि ती प्रकाश अडवते. भोकांचा प्रश्न मिटला. मग नवा प्रश्न आला. १९४५ मध्ये माउंट विल्सनच्या आल्फ्रेड जॉय यांनी अकरा तारे एका गटात घातले. सगळ्यांचे तेज अनियमित, सगळ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा, आणि सगळे काळ्या किंवा उजळ मेघांच्या आसपास. गटाला नाव मिळाले त्या जुन्या ताऱ्याचे, टी टॉरी. चार वर्षांनी जॉय यांनी वृषभेच्या काळ्या मेघांत असे आणखी चाळीस तारे दाखवले.

आता हे तारे त्या मेघाचे कोण? लग्नाच्या मंडपात बसलेला प्रत्येक जण घरचा नसतो. काहींचे मत असे होते की हे जुने वाटसरू तारे आहेत. फिरत फिरत मेघात शिरले आणि तिथली धूळ अंगावर पडल्याने चमकू लागले. आर्मेनियातील व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी १९४७ ते ४९ च्या दरम्यान उलट बाजू मांडली. इतके सारखे तारे एका मेघात योगायोगाने जमणार नाहीत. ते तिथेच जन्मले आहेत आणि तारे आजही जन्मत आहेत. १९६० च्या सुमारास लिथियमने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. ताऱ्याच्या पोटात तापमान पंचवीस लाख अंशांच्या आसपास गेले की लिथियम नष्ट होते. सूर्यासारख्या लहान ताऱ्यांच्या पृष्ठभागावर ते भरपूर दिसले तर समजावे, तारा लहान वयाचा आहे. टी टॉरी ताऱ्यांत ते भरपूर निघाले.

आज एखादा तारा वृषभेच्या मेघाचा आहे की नाही हे ठरवताना एका लक्षणावर विसंबत नाहीत. ताप आला म्हणजे मलेरिया नव्हे, तसेच हे. हायड्रोजनची रेषा जुन्या चंचल ताऱ्यांतही असते. क्ष-किरणांचेही तसेच. अवरक्त प्रकाश नेहमीपेक्षा जास्त असेल तर ताऱ्याभोवती धुळीची तबकडी आहे असे समजते, पण तबकडी हरवलेला तरुण ताराही असतो. म्हणून अंतर पाहतात आणि चाल पाहतात. मेघ सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे; रोहिणी ६५ वर, म्हणजे ती पुष्कळ अलीकडची, मेघाशी तिचा संबंध नाही. एकाच मेघातून जन्मलेले तारे आकाशात एका दिशेला, जवळजवळ एका वेगाने सरकतात. युरोपच्या 'गाया' यानाने २०१४ पासून दहा वर्षे अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा टिपल्या आणि त्यातून बरेच जुने उमेदवार आगंतुक ठरून यादीतून गळले, काही नवे आत आले. सध्या सुमारे पाचशे तारे वृषभेचे घरचे मानले जातात. त्यांचे वय वीसेक लाख वर्षे; सूर्याचे साडेचार अब्ज. त्या मानाने ते पाळण्यातलेच. जे अजून धुळीत पुरते गाडलेले आहेत ते 'गाया'ला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अवरक्त आणि रेडिओ दुर्बिणी लागतात.

त्या मेघांना आजही बर्नार्डचेच क्रमांक आहेत. 'बर्नार्ड २१३' ही वृषभेतील एक लांब काळी दोरी. १९१९ च्या यादीत ती नव्हती, १९२७ च्या संग्रहात आली, म्हणजे बर्नार्डनी ती छापलेली पाहिली नाही. २००९ मध्ये सोडलेल्या एका अवकाश दुर्बिणीने तिचे अवरक्त फोटो काढले. उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठलेल्या त्या दोरीवर मण्यांसारख्या गाठी ओवलेल्या निघाल्या. काही गाठींत तारा जन्मला आहे, काहींत जन्मायचा आहे. त्या दुर्बिणीला नाव दिले होते हर्शेल.